वाईनला वास येतोय? आधी ओळखा कुणाचा आहे, मग केएमएसच्या डब्याला हात लावा

फेब्रुवारीत टाकीत उतरवलेली वाईन झकास असते, फळाचा वास, चव गोल, सगळे खूश. आणि मे महिन्यात झाकण उघडलं की काहीतरी बिनसलेलं असतं. मग धावपळ होते, कुणीतरी म्हणतं केएमएस (पोटॅशियम मेटाबायसल्फाइट, वाईन टिकवायची गंधकाची पावडर) टाका, दुसरा म्हणतो दोन मुठी टाका, आणि महिन्याभरात वाईनला आधीचा वासही राहतो आणि वरून गंधकाचा ठसकाही बसतो. पलूस-तासगाव भागात सेलरमध्ये, म्हणजे वाईन ठेवायच्या जागेत, बारा हंगाम काढले, त्यात सगळ्यात जास्त नुकसान मी या अंदाजपंचे केएमएसनं झालेलं बघितलंय, यीस्टनं नाही. बागेत भुरी आहे की डावणी हे पान उलटून बघितल्याशिवाय आपण औषध मारत नाही, मग टाकीतल्या वाईनला का मारतो? म्हणून जे मला माहितीय ते सविस्तर लिहितोय, खासकरून ज्यांच्याकडं मोठी लॅब नाही, लहान परवान्यावर काम चालतं, त्यांच्यासाठी.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. फ्रान्समध्ये द्राक्षं सप्टेंबरच्या आसपास काढतात, फर्मेंटेशन (रस आंबून वाईन होणं) संपेपर्यंत हिवाळा दारात आलेला असतो, थंडीच अर्धं सेलर सांभाळते. आपल्याकडं उलटं आहे, काढणी जानेवारी ते मार्च, आणि वाईन नाजूक अवस्थेत असताना बाहेर पारा ३८-४० ला टेकलेला, त्यात दुपारी लाईट गेली की चिलर बंद. पुस्तकातला सल्ला बरोबर असतो पण तो थंड सेलर धरून लिहिलेला असतो. आपल्याकडं मार्च ते जून हे चार महिने दर आठवड्याला प्रत्येक टाकीचा वास घ्यायचा, वार ठरवून घ्यायचा, मी सोमवार धरतो.

वास घ्यायचा म्हणजे झाकणाशी नाक नेऊन परत यायचं नाही. सकाळी घ्या, त्याआधी तंबाखू, सेंट, वेलदोड्याचा चहा काही नको. दोन ग्लास घ्या, एकात संशयित वाईन आणि दुसऱ्यात त्याच द्राक्षाची तुम्हाला खात्री असलेली चांगली वाईन, कारण एकट्या ग्लासाला नाक दोन मिनिटांत सरावतं आणि मग सगळंच ठीक वाटायला लागतं. तिसरा हिस्सा भरा, आधी न हलवता वास, मग फिरवून, मग वर काचेची बशी झाकून पाच मिनिटांनी परत. आणि जे वाटेल ते वहीत आपल्या शब्दांत लिहा. नेलपेंट, कुजकं अंडं, दवाखान्यातली पट्टी, उंदीर, लोणच्याची बरणी, असंच लिहायचं. पुढच्या सोमवारी तुलना करायला हेच शब्द उपयोगी पडतात.

आता सगळ्यात जास्त दिसणारी भानगड, वर येणारी साय. टाकी अर्धवट भरलेली असली की हमखास. मोबाईलची बॅटरी तिरकी धरून पृष्ठभाग बघा, पहिल्यांदा पिठी सांडल्यासारखे बारीक ठिपके दिसतात, चार दिवसांत ते एकमेकांना जुळतात आणि कोरडी, सुरकुतलेली, राखाडी-पांढरी साय तयार होते, कैरीच्या लोणच्यात मीठ कमी पडलं की वर जी पांढरी येते तशीच. काठीनं टोचलं की तुटते आणि तुकडे हळूहळू खाली बुडतात. ही कॅन्डिडा आणि पिचिया जातीची यीस्ट. यांना हवा लागते, हवा मिळाली की ती अल्कोहोलच खातात आणि त्यातून अॅसिटाल्डिहाइड तयार होतं, म्हणून वाईनला कापून ठेवलेल्या, काळ्या पडलेल्या सफरचंदासारखा वास येतो आणि फळ मरतं.

अशा वेळी ढवळायचं नाही, हे पहिलं. केएमएसची पावडर वरून भुरभुरायची नाही, ती सायीतून खाली जाते आणि तळाला बसते. होज पाईप सायीच्या खाली घालायचा आणि त्याच द्राक्षाची चांगली वाईन अगदी हळू आत सोडायची, पातळी वर येते तशी साय तोंडापर्यंत येते, मग ती टिश्यूनं उचलायची किंवा सरळ वरून वाहू द्यायची. भरायला वाईनच नसेल तर खालच्या व्हॉल्व्हनं दुसऱ्या लहान टाकीत काढा आणि वरची शेवटची तीन-चार इंच सोडून द्या, त्या थोड्या लिटरांसाठी जीव टाकू नका. नवीन टाकी काठोकाठ भरली पाहिजे. ५०० ची टाकी ३८० वर असेल तर ३०० ची एक आणि ५० चे जार करा, उरलेली पिशवीच्या पॅकमध्ये भरा, काहीही करा पण वर रिकामी जागा ठेवू नका. तरंगत्या झाकणाच्या टाक्या वापरणाऱ्यांनी गॅस्केटमधली हवा रोज बघावी, उन्हात दिवसा फुगते आणि रात्री बसते, सकाळी फट पडलेली असते. नायट्रोजन किंवा आर्गॉन सोडता येत असेल तर उत्तम, पण एकदा सोडून महिनाभर निवांत राहता येत नाही.

दुसरा वास नेलपेंट काढायच्या पाण्याचा. हे इथाइल अॅसिटेट. फर्मेंटेशन सुरू व्हायच्या आधीच आला असेल तर दोष बहुतेक वेळा बागेपासून वायनरीपर्यंतच्या रस्त्याचा असतो. द्राक्षाच्या सालीवर हॅन्सेनियास्पोरा नावाचं यीस्ट भरपूर असतं, फुटलेल्या मण्यातल्या रसात ते लगेच कामाला लागतं आणि आपलं विकतचं यीस्ट टाकीत पडायच्या आधीच घाण करून ठेवतं. घडात कुज असेल, क्रेट उन्हात टेम्पोत चार तास उभे असतील, क्रेटच्या तळाशी चिकट रस साचलेला असेल, चिलटं घोंगावत असतील, तर हा वास येणारच. पहाटे काढणी, सकाळी दहाच्या आत क्रशर, कुजके घड बागेतच बाजूला, क्रेट रोज संध्याकाळी धुवून उन्हात पालथे. क्रशरवर केएमएस द्यायचं, साधारण ३० ते ५० मिलिग्रॅम लिटरला एसओटू (सल्फर डायऑक्साइड, केएमएसमधून सुटणारा गंधकाचा वायू) मिळेल इतकं, आणि यीस्ट १००० लिटरला २०० ते ३०० ग्रॅम, दहापट कोमट पाण्यात, ३५ ते ४० डिग्रीत, पंधरा-वीस मिनिटं फुलवून. हे यीस्ट वेळेवर चढलं की अल्कोहोल वाढतं आणि सालीवरची रानटी मंडळी बहुतेक आपोआप मागं पडतात. फर्मेंटेशन संपल्यावर महिन्यांनी हाच वास व्हिनेगरच्या आंबट वासाबरोबर आला तर मग ते अॅसिटोबॅक्टर, म्हणजे बॅक्टेरिया, आणि कारण परत तेच, हवा. तयार झालेलं व्हिनेगर परत वाईन होत नाही. लॅबमधून व्होलाटाइल अॅसिड (उडून जाणारं, मुख्यतः व्हिनेगरचं अॅसिड) मोजून घ्या, युरोपात रेड वाईनला लिटरला १.२ ग्रॅमपर्यंत चालतं, पण नाकाला त्याच्या बऱ्याच आधी कळतं.

आता केएमएसचं गणित, इथं जरा थांबा कारण सगळं इथंच चुकतं. आपल्याकडं बरेच वायनरीवाले बेदाण्याच्या धंद्यातून आलेत, बेदाणा पिवळा राहावा म्हणून गंधकाची धुरी द्यायची सवय हाताला असते, आणि तिथं जास्त दिलं तर रंग छान येतो. वाईनमध्ये तसं चालत नाही. आपण टाकलेल्या एसओटूपैकी काही भाग वाईनमधल्या साखरेला, रंगाला, अॅसिटाल्डिहाइडला चिकटून बसतो, तो गेला. उरतो तो फ्री. त्या फ्रीमधलाही अगदी थोडा भाग यीस्ट मारतो, त्याला मॉलिक्युलर म्हणतात, आणि तो किती असणार हे पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका मोठा तितका आंबटपणा कमी) ठरवतो. लिटरला ०.८ मिलिग्रॅम मॉलिक्युलर हवं असेल तर पीएच ३.२ ला फ्री २० पुरतं, ३.४ ला ३२ लागतं, ३.६ ला ५०, आणि ३.८ ला जवळपास ८०. रेड वाईनला ०.५ वरही भागवतात, म्हणजे वरच्या आकड्यांच्या साठेक टक्के. आता बघा, आपल्या उन्हातली रेड द्राक्षं उशिरा काढली की पीएच ३.८ सहज गाठतो, आणि आपण कुठल्यातरी थंड देशातल्या पत्रकात बघून ३० ठेवतो, म्हणजे वाईन जवळजवळ उघडीच पडलेली असते. म्हणून पीएच मीटर हा सगळ्यात महत्त्वाचा खर्च, त्याचं ४ आणि ७ चं बफर (मीटर जुळवायचं द्रावण) ताजं ठेवा, आणि रेडचा पीएच फर्मेंटेशनच्या आधीच टार्टारिक अॅसिड घालून ३.५-३.६ वर आणा. नंतर आणायला गेलं की चव टोकदार होते.

केएमएसमध्ये वजनाच्या साधारण ५७ टक्के एसओटू असतं. १००० लिटरला ३० मिलिग्रॅम वाढवायचं म्हणजे ३० ग्रॅम एसओटू, म्हणजे ५३ ग्रॅम केएमएस. २२५ लिटरच्या बॅरलला २० वाढवायचं तर ८ ग्रॅमच्या आसपास. सोनाराच्या काट्यासारखा लहान डिजिटल काटा घ्या, चमच्यानं मोजू नका. थोड्या वाईनमध्ये विरघळवून टाका, टाकताना तोंड बाजूला ठेवा, ज्याला दमा आहे त्याला हे काम देऊच नका. दोन दिवसांनी फ्री परत मोजा, कारण काही भाग चिकटलेला असणार, साय येऊन गेलेल्या टाकीत तर जास्तच. आणि गेल्या वर्षीचं उघडं, गोळा झालेलं पाकीट वापरू नका, त्याचा जोर गेलेला असतो आणि तुमचा हिशोब बरोबर असूनही वाईनला पुरेसं एसओटू मिळत नाही.

आता ब्रेट. हेही एक यीस्ट, पूर्ण नाव ब्रेटॅनोमायसिस, आणि माझं स्वतःचं सगळ्यात मोठं नुकसान यानंच केलं. काही वर्षांपूर्वी आम्ही एका ठिकाणाहून वापरलेले सहा बॅरल आणले, स्वस्तात मिळाले, कोरडे होते, आतून छान व्हॅनिलाचा वास. गरम पाण्यानं खळबळून शिराज (द्राक्षाच्या एका जातीची रेड वाईन) भरली. जूनपर्यंत काही नाही. ऑगस्टमध्ये एका सोमवारी ग्लास नाकाला लावला आणि मिरजेत एखाद्या दवाखान्यात पट्टी बदलायच्या खोलीत शिरल्यासारखं झालं, औषधी पट्टी, त्याच्यामागं घोड्याच्या तबेल्याचा ओला चामडी वास, आणि जरा वेळानं लवंगेच्या धुरासारखं काहीतरी. आमच्यातल्या दोघांना तो बॅरलचाच वास वाटला, चांगला वाटला. महिनाभरात फळाचा मागमूस राहिला नाही आणि घोट घेतल्यावर जीभ धातू चाटल्यासारखी व्हायला लागली.

हे यीस्ट कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग ब्रुअरीत काम करणाऱ्या क्लॉसननं १९०४ मध्ये नोंदवलं, इंग्लंडच्या बिअरमधून, म्हणून नावाचा अर्थच ब्रिटिश बुरशी. बेल्जियमच्या काही बिअरमध्ये ते मुद्दाम वापरतात. वाईनमध्ये ते काय करतं, तर द्राक्षात नैसर्गिकरीत्या असलेलं कुमारिक अॅसिड घेतं आणि दोन पायऱ्यांत त्याचं फोर-इथाइल फिनॉल करतं, तो पट्टीचा वास. फेरुलिक अॅसिडचं फोर-इथाइल ग्वायकॉल करतं, ती धुराची लवंग. रेडमध्ये ही अॅसिडं सालीतून जास्त येतात म्हणून त्रास बहुतेक रेडलाच. याला खायला फार लागत नाही, आपण कोरडी म्हणतो त्या वाईनमध्ये लिटरला पाव-अर्धा ग्रॅम साखर शिल्लक असते, तेवढं त्याला महिनोन्महिने पुरतं. लाकडातले साखरेचे तुकडेसुद्धा खातं. बॅरलच्या फळीत ते ८ मिलिमीटरपर्यंत आत सापडलंय, म्हणून वरवर धुतलेला बॅरल स्वच्छ दिसला तरी स्वच्छ नसतो.

यात एक गोष्ट मला फार उशिरा कळली. आम्ही घाबरून दर पंधरा दिवसांनी थोडं थोडं केएमएस देत होतो, १० मिलिग्रॅम, परत १०. मग सॅम्पल लॅबला पाठवलं तर प्लेटवर (यीस्ट वाढवून बघायच्या बशीत) काहीच उगवलं नाही, आम्ही सुटलो म्हटलं. दोन महिन्यांनी वास दुप्पट. होतं असं की ब्रेट कमी एसओटूमध्ये मरत नाही, झोपतं, जिवंत असतं पण प्लेटवर उगवत नाही, आणि फ्री एसओटू खाली आलं की उठून परत कामाला लागतं. बागेत अर्ध्या मात्रेनं मारलेल्या औषधाचं काय होतं ते तुम्हाला मी सांगायला नको. म्हणून ब्रेटला द्यायचं तर एकदाच, पीएचच्या हिशोबानं पूर्ण मात्रा, ०.८ धरून, आणि मग तिथून खाली येऊ द्यायचं नाही. लॅबला सॅम्पल देताना शेवटचं केएमएस कधी दिलं तेही सांगा, आणि फक्त प्लेटवर विसंबू नका, फोर-इथाइल फिनॉल मोजून घ्या, ते यीस्टसारखं झोपून लपत नाही.

वास आलेला बॅरल दिसला की त्याच दिवशी त्यावर खडूनं मोठी फुली करा. त्याची नळी वेगळी, ग्लास वेगळा, आणि टॉपिंगला (बॅरल परत काठोकाठ भरायला) तो नेहमी शेवटी, कारण एका बॅरलमधून दुसऱ्यात ब्रेट नेणारा बहुतेक वेळा आपलाच हात असतो. तापमान १५ च्या खाली नेता आलं तर ते बरंच मंदावतं. ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून काढली तर यीस्ट अडकतं पण वास अडकत नाही, झालेला वास राहतो. आणि चांगल्या वाईनमध्ये मिसळून वास पातळ करायचा विचार असेल तर फिल्टर न करता तो अजिबात करू नका, त्यानं दोन्ही जातात. बॅरलला ७० डिग्रीच्या पाण्यानं पूर्ण भरून अर्धा तास किंवा वाफ दिली तर धोका कमी होतो, संपत नाही. ते सहाही बॅरल आम्ही उभे कापले, त्यात आता कढीपत्ता आणि लिंबू आहेत, आणि त्यानंतर मी वापरलेला बॅरल मागचा इतिहास आणि लॅब रिपोर्ट बघितल्याशिवाय आत घेतलेला नाही. थोडं ब्रेट असलं की वाईनला खोली येते असं म्हणणारे आहेत, असतील बरोबर त्यांच्या जागी, पण आपल्या तरुण, फळाच्या वाईनला ते नको असं माझं स्पष्ट मत आहे.

सगळ्यात जास्त ब्रेट कधी शिरतं माहितीय का, अल्कोहोलचं फर्मेंटेशन संपलं आणि मॅलोलॅक्टिक (बॅक्टेरिया वाईनमधलं टोकदार मॅलिक अॅसिड मवाळ लॅक्टिक अॅसिडमध्ये बदलतात ती पायरी) अजून संपलेलं नाही, या मधल्या काळात. त्यावेळी केएमएस देता येत नाही कारण ते या कामाच्या बॅक्टेरियालाही मारतं, टाकी कोमट असते, वाईन उघडी. हा काळ जितका लांबेल तितका धोका, म्हणून मॅलोलॅक्टिकसाठी नशिबावर न राहता कल्चर घाला आणि संपल्याचा रिपोर्ट आला की त्याच दिवशी केएमएस.

कुजक्या अंड्याचा वास मात्र बिघडवणाऱ्या यीस्टचा नाही, तो आपल्याच चांगल्या यीस्टचा, उपाशी राहिल्याचा. रसात नायट्रोजन कमी पडलं की ते हायड्रोजन सल्फाइड सोडतं. दुसरं कारण भुरीसाठी मारलेलं गंधक मण्यावर शिल्लक राहिलेलं, म्हणून काढणीच्या किमान महिनाभर आधी गंधक बंद, बागायतदाराशी हे छाटणीच्या वेळीच बोलून घ्या. फर्मेंटेशन चालू असताना वास आला तर डीएपी (डायअमोनियम फॉस्फेट, यीस्टला नायट्रोजन देणारं) द्या आणि पंप ओव्हर करताना (खालचा रस पंपानं वर टाकताना) रस हवेतून पडू द्या, पण डीएपी एक तृतीयांश साखर संपायच्या आत, नंतर अल्कोहोल वाढलं की यीस्टला ते घेता येत नाही आणि उरलेलं नायट्रोजन ब्रेटसारख्यांच्याच कामी येतं. फर्मेंटेशन संपल्यावर आला तर आधी गाळावरून काढा. तरी राहिला तर दोन ग्लास घ्या, एकात स्वच्छ घासलेला तांब्याचा तुकडा टाकून हलवा, वास गेला तर तांब्यानं काम होणार, मग लॅबच्या सल्ल्यानं कॉपर सल्फेटची अगदी बारीक मात्रा. तो चाचणीचा ग्लास पिऊ नका. वास कांदा-लसणासारखा झाला असेल तर ते मरकॅप्टन, म्हणजे गंधकाचंच एक संयुग, आणि तिथं घाईनं हवा देऊ नका, हवेनं त्याचं असं रूप होतं की तांबंही त्याला पकडत नाही.

उंदराच्या बिळासारखा वास नाकाला कळतच नाही, घोट गिळल्यावर दहा-वीस सेकंदांनी घशात मागून येतो. वाईनच्या आंबटपणात तो दबलेला असतो, लाळेत मिसळला की सुटतो. तळहातावर दोन थेंब चोळून हुंगलं तरी कळतो. यावर उपाय नाही, ती टाकी वेगळी करा. बुरसटलेल्या ओल्या पुठ्ठ्याचा वास कॉर्कचा असतो, पण तो सेलरमधूनही येतो, क्लोरीन आणि बुरशी एकत्र आली की, म्हणून सेलरमध्ये ब्लीचिंग पावडर आत आणायची नाही, फरशीलाही नाही.

गोड वाईन करणाऱ्यांसाठी शेवटचं, आणि आपल्या गिऱ्हाइकाला गोडच जास्त आवडते. झायगोसॅकरोमायसिस बेली नावाचं यीस्ट सॉर्बेटला (यीस्टची वाढ रोखायला घालतात त्या रसायनाला) दाद देत नाही, एसओटूलाही फार नाही, आणि साखरेच्या पाकातून किंवा द्राक्षरसाच्या कॉन्सन्ट्रेटमधून आत येतं. बाटलीत परत फर्मेंटेशन, बूच वर, दुकानदाराचा फोन. सॉर्बेट नुसतं टाकलं आणि बॅक्टेरिया शिल्लक असले तर जिरेनियमच्या चुरगळलेल्या पानाचा वास येतो, तोही कायमचा. म्हणून गोड वाईनला ०.४५ मायक्रॉन मेंब्रेन, फिल्टरची इंटेग्रिटी टेस्ट (फिल्टर फाटलेला नाही ना याची तपासणी) बाटली भरायच्या आधी आणि नंतर दोन्ही वेळा, आणि फिल्टरच्या पुढचा सगळा रस्ता, नळी, फिलरचे नोझल, ८० डिग्रीच्या पाण्यानं वीस मिनिटं. प्रत्येक बॅचच्या पहिल्या, मधल्या आणि शेवटच्या सहा-सहा बाटल्या पत्र्याच्या खोलीत उबेला ठेवा, तीन आठवडे. सोमवारी टाक्यांचा वास घेऊन झाला की त्या उजेडासमोर धरून उलट्या करा, तळातून धूर निघाल्यासारखा गाळ वर उठला तर तो माल गाडीत चढवू नका.